लाइट गेल्यावर

फळी ऐकायची असते.
दोन बोटांत हलकी धरून कानाशी न्यायची,
पेरानं एकदाच ठोकायची.
रंध्याचे आणखी दोन हात मारायचे की थांबायचं
ते तीच सांगते.

पण साखर पेठेतल्या या बोळात
माझ्या भिंतीला लागून यन्नम शेठचे बारा माग.
सकाळी आठ ते रात्री आठ
खडाक् खट्, खडाक् खट्,
तिकडे टॉवेल निघतात,
इकडे माझ्या बाकावरचे स्क्रू
चालत चालत कडेला येतात.
त्यात लाकूड काय बोलणार?
म्हणून मी लाइट जायची वाट बघतो.

हे कुणाला सांगता येत नाही.
लाइट गेली की पलीकडची माणसं ओट्यावर येतात,
बनियन पिळतात,
किती टॉवेलांची मजुरी बुडाली ते बोटांवर मोजतात.
आणि अलीकडे मी घाईघाईनं
कपाटातून फळ्या काढत असतो,
सण असल्यासारखा.

वर्षाला नऊ गिटारी. गेल्या वर्षी सात.
एकीच्या मानेला चिप्पांच्या घरचा मोडीत निघालेला हातमाग,
वखारवाला जळणाच्या भावानं देत होता.
सागवान. साठ वर्षं ताण सोसलेलं,
वाकायचं तेवढं वाकून झालेलं.
गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, ऑनलाइन साडेचार हजारात येते की.
येते, मी म्हणतो, घ्या.
सहा महिन्यांनी तीच घेऊन येतात,
ब्रिज उचकटलेली.
दुकानाचं भाडं त्यातनं निघतं.

मे महिन्यात इथली हवा लाकडातलं पाणी पिते.
कपाटात मी ओली चादर पसरतो, आपलीच, सोलापुरी,
रात्रीतनं दोनदा उठून भिजवतो.
तरी एकदा अडीच वाजता आवाज आला,
शेंग फोडल्यासारखा.
उठून बघायची गरज नव्हती.
जोएल सरांची गिटार.
दोन हप्ते आलेले, तिसरा यायचा होता.
आतून पाच ठिगळं लावली.
चीर दिसते. दिसू दे म्हणाले सर,
पण न्यायला अजून आले नाहीत.

परवा दुपारी लाइट गेली
आणि सत्तय्या आडम आत आला.
छत्तीस वर्षं मागावर, कान केव्हाच गेलेले.
त्याच्याशी बोलायचं तर तोंडासमोर उभं राहावं लागतं.
"काय करालास बे?"
मी फळी ठोकून दाखवली.
हसला. कानाजवळ बोट नेऊन नाही म्हणाला.
मग फळी स्वतःच घेतली,
खालून तळहात लावला.
"ठोक."
ठोकलं.
"परत."
डोळे मिटलेले, ताण्यावरून हात फिरवताना मिटावेत तसे.
"डावीकडं घट्ट आहे. हितं. चार बोटं.
ताणा असा राहिला तर कापड तिरकं येतंय."

तीन दिवस मी ती फळी ऐकत होतो.

डावीकडची पट्टी कागदाएवढी तासली.
भुसा फुंकला. ठोकलं.
माझ्या या दहा बाय बाराच्या खोलीला
मागच्या बाजूनं आणखी एक खोली आहे
आणि तिचं दार कुणी उघडलं,
असं काहीतरी.
सत्तय्याचा हात फळीखालीच होता.
तो काही बोलला नाही, मान हलवली फक्त,
कापड पास करताना हलवतात तेवढीच.

चहा सांगू का, मी ओठ मोठे करून विचारलं.
"लाइट येईपर्यंत."

कप निम्मा झाला आणि आली.
पंखा फिरला. पलीकडे माग एकेक करत लागले,
आठ.
उरलेले चार त्याचे.
तो उठला, दारातनं म्हणाला,
"साडेतीन तास गेले आज,"
तक्रार नव्हती, हिशेब होता,
आणि मी खाली बघून
बाकावरचा भुसा गोळा करू लागलो.

नववा लागला. दहावा.
बाराव्याला
भिंतीवर टांगलेल्या जोएल सरांच्या गिटारीची
पाचवी तार
कुणी हात न लावता थरथरायला लागली.